जंबेरीच्या खुंटाला भरखत किती, वरखत किती?



उसाच्या जोडीला चार झाडे मोसंबीची किंवा संत्र्याची असावीत, असे अनेकांना वाटते. कलम घेताना आपण डोळा कोणत्या झाडाचा ते विचारतो. खालचा खुंट कसा वाढवला ते मात्र विचारत नाही. वास्तविक मुळे खुंटाची असतात आणि बाग वर्षानुवर्षे त्यावरच उभी राहायची असते. खोडवा बिघडला तर मोडून पुन्हा लागण करता येते. बागेचे तसे नाही. म्हणून जंबेरीचा खुंट घरी तयार करणाऱ्यांसाठी खताची ही माहिती देत आहोत.

दोन्ही खते कशासाठी?

शेणखताने वाफा भुसभुशीत राहतो, ओल टिकते आणि पांढरी मुळी भराभर फुटते. पण त्यातले नत्र सावकाश मिळते. युरियात शंभर किलोला ४६ किलो नत्र असते व ते लगेच लागू पडते. मात्र पाण्याबरोबर वाहूनही जाते. स्फुरद जागचे फारसे हलत नाही, म्हणून सुपर फॉस्फेट वरून फेकण्यापेक्षा वाफा करतानाच मातीत मिसळावे. थोडक्यात, भरखत आधी आणि वरखत नंतर, थोडे थोडे.

प्रमाण

वाफ्याच्या दर चौरस मीटरला चांगले कुजलेले शेणखत ४ ते ५ किलो आणि सुपर फॉस्फेट ५० ग्रॅम मिसळावे. रोपे वीतभर होऊन जोमात आली की दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, ओलीवर, खोडापासून दूर द्यावा व लगेच पाणी सोडावे. असा हप्ता दीड-दोन महिन्यांनी पुन्हा द्यावा. पालाश द्यायचे झाल्यास सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे. म्युरेटमधील क्लोराईड लिंबूवर्गीय झाडांना सोसत नाही.

कारखान्याची प्रेसमड वापरायची असेल तर ताजी मुळीच वापरू नये. ती कुजताना तापते, कोवळी मुळी भाजते. दोन-तीन महिने ढीग घालून, वरखाली करून कुजवावी. ढिगात हात घातला, ऊब लागली नाही आणि वास मातीसारखा आला, म्हणजे खत तयार. प्रेसमडमध्ये स्फुरद चांगले असते; म्हणून सुपर फॉस्फेट कमी करावे.

जास्त युरियाचा तोटा

रोप हिरवेगार, उंच दिसते. पण खोड लुसलुशीत राहते. कोवळ्या पालवीवर नागअळी आणि सिट्रस सायला तुटून पडतात. उंच नव्हे, पेन्सिलीएवढे जाड व निरोगी खोड हवे. उपाशी आणि तहानलेल्या रोपाची साल सुटत नाही, मग भरलेला डोळा धरत नाही. म्हणून डोळे भरण्याच्या तोंडावर युरियाचा मारा करू नये, पण पाणीही तोडू नये. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरावा, म्हणजे डिंक्याचा धोका कमी होतो.

पान काय सांगते?

जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. नवी पाने बारीक, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर जस्त कमी. तिथे युरिया ओतून उपयोग नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम कळीचा चुना मिसळून, गाळून फवारावे.

शेवटी एक ध्यानात ठेवावे. वाफ्यातली खुरटी, वाकड्या मुळांची आणि इतरांहून वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकावीत. खत घातल्यानं रोप वाढतं, त्याची जात सुधारत नाही.