ओट्याला रंग द्यायचाय? आधी ओटा कशाचा आहे ते बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की घराच्या भिंतींना रंग लागतो आणि मग नजर जाते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. भिंत नवी, ओटा मात्र डागाळलेला, कडा उडालेल्या. नवा ग्रॅनाइट बसवायचा तर दगड, कटिंग, गवंडी, जुना ओटा फोडायची मजुरी, सगळंच आलं. म्हणून अनेक घरांत दरवाजाचा उरलेला ऑईल पेंट ओट्यावर मारला जातो. पहिले पंधरा दिवस ओटा चकचकीत. मग सिंकजवळ फुगे येतात, फुग्यांचे पापुद्रे होतात आणि ते पापुद्रे जातात पिठाच्या परातीत.

यात दोष नुसत्या रंगाचा नसतो. सिमेंट क्षारधर्मी असतं. ऑईल पेंटमधलं तेल आणि सिमेंटमधला क्षार ओलाव्यात एकत्र आले की तेच घडतं जे साबण बनवताना घडतं. रंगाचा खालचा थर मऊ, चिकट होतो आणि सुटतो. ओटा रोज ओला होतो, त्यामुळे हे भिंतीपेक्षा ओट्यावर लवकर दिसतं. पैसे गेले ते गेलेच, वर तो रंग खरवडून काढायचं काम वाढतं.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी ओटा नेमका कशाचा आहे हे बघितलं पाहिजे. काळा, गुळगुळीत, स्लेटसारखा दगड असेल तर तो बहुधा कडप्पा. हिरवट-तपकिरी असेल तर कोटा, राखाडी असेल तर शहाबादी फरशी. आंध्र, राजस्थान आणि कर्नाटकातून येणारे हे तिन्ही दगड चुनखडीचे. कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसलं आणि पांढरट डाग राहिला, तर दगड चुनखडीचा समजावा. ग्रॅनाइटवर असा डाग पडत नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओट्यावर ओतायची सवय काही घरांत असते, तिनेच कडप्पा पांढरा पडतो. चिंच, लिंबू, ताकसुद्धा सांडून तसंच राहिलं तर दगड खातं.

कडप्पा, कोटा किंवा शहाबादी असेल तर रंग देऊच नये. दगड मेलेला नसतो, वरचं पॉलिश गेलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००, असं पाणी शिंपडत गोल गोल घासायचं. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, हात दुखतात, पण खर्च पेपरापुरताच. दगड दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात कापडाने फिरवून जास्तीचं तेल अर्ध्या तासात पुसून घ्यायचं. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. गोडेतेल किंवा खोबरेल तसं वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. एक गोष्ट मात्र जपायची: जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही. ती वाळताना आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

ग्रॅनाइटच्या गुळगुळीत पॉलिशवर रंग धरत नाही, तिथे तो विचार सोडावा. टाइल्सच्या ओट्यावर बहुतेक वेळा टाइल चांगली असते, काळे पडलेले असतात ते सांधे. ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की ओटा निम्मा नवा दिसतो.

राहिला सिमेंटचा ओटा, घरकुलात किंवा जुन्या घरात हमखास असतो तो. रंग खरा इथेच कामाचा. त्यासाठी इपॉक्सी रंग लागतो. तो दोन डब्यांत येतो, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर रंग वाळत नाही, तर आवळतो, म्हणजे रासायनिक क्रियेने कडक होतो, आणि सिमेंटच्या क्षाराला दाद देत नाही. लिटरमागे तो ऑईल पेंटपेक्षा महाग आहे. पण आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे सोळा चौरस फूट. पुढची पट्टी धरली तरी वीस. दोन हातांना साधारण अर्धा लिटर पुरतो. दुकानदार मोठा डबा गळ्यात मारत असेल तर शेजारच्या घराबरोबर वाटून घ्यावा.

खरं काम रंगाआधीचं आहे. वर्षानुवर्षांची फोडणीची वाफ सिमेंटमध्ये मुरलेली असते, नुसत्या साबणाने निघत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने दोन-तीनदा घासावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर तेलकटपणा अजून आहे, पाणी पसरून शोषलं गेलं तर झालं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. भेगा, उडालेल्या कडा इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. भिंतीची पुट्टी इथे चालत नाही, ओल्यात ती भुसभुशीत होते.

ओट्यावर आधीचा जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. पाणी मारत घासावं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी स्वयंपाकघरापासून लांब ठेवावं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्यावं. बिननावाच्या सुट्या रंगाच्या नादी लागू नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे ओल तपासणं. एक फूट प्लॅस्टिकचा तुकडा ओट्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवून चोवीस तास ठेवायचा. आतून थेंब जमले किंवा सिमेंट गडद झालं तर ओल आहे. मग थांबायचं, दोन दिवस की आठवडा हे ओलीवर ठरेल. पावसाळ्यात हे काम काढूच नये. सिंकच्या पाइपातून झिरपत असेल तर आधी प्लंबर, मग रंग.

रंगाच्या दिवशी सिलिंडर बंद करून बाहेर न्यावा, चूल आणि देवाजवळचा दिवासुद्धा विझवावा. थिनरची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या, हातात मोजे, कारण हार्डनर कातडीला झोंबतो. डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावं, अंदाजाने नाही. हार्डनर कमी पडला तर रंग कायमचा चिकट राहतो, जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही. मिसळलेला रंग डब्यातच कडक होऊ लागतो आणि उन्हाळ्यात तर फारच लवकर, म्हणून तासाभरात संपेल तेवढाच कालवावा. पहिला हात पातळ. दुसरा डब्यावर दिलेल्या वेळेनंतर.

हात लावून कोरडा वाटला तरी ओटा आठवडाभर वापरायचा नाही. तेवढे दिवस स्वयंपाक पडवीत किंवा मागच्या अंगणात करायची सोय आधीच लावून ठेवावी. घाई होते ती इथेच, तिसऱ्या दिवशी कुकर ओट्यावर येतो आणि त्याचा गोल ठसा रंगात बसतो.

मोबाईलवर संगमरवरासारखे ओटे रंगवून दाखवणारे व्हिडिओ बहुतेक परदेशी स्वयंपाकघरांचे असतात. तिथला ओटा लाकडी पाट्यावर लॅमिनेट चिकटवलेला असतो, त्यावर कोणी वरवंटा चालवत नाही की काथ्याने खसाखसा घासत नाही. आपल्याकडे रंगवलेल्या ओट्यावर खलबत्ता पोत्याच्या घडीवर ठेवावा. गरम तवा, कढई थेट टेकवायची नाही. शेगडीखाली फरशीचा एक तुकडा टाकावा. पीठ परातीतच मळावं, ओट्यावर नाही. सिंकच्या कडेला रंग सगळ्यात आधी उडतो. तिथे वर्षातून एकदा घासून एक हात मारावा लागेल, त्यासाठी उरलेले दोन्ही डबे वेगवेगळे, घट्ट झाकून, मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावेत आणि वापरण्याआधी वरची मुदत बघावी.