सुपर म्हणजे बाप नव्हे!

जावाच्या व्हायव्हात "सुपर म्हणजे काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सर, पॅरेंट क्लासचा ऑब्जेक्ट." एक्स्टर्नल खूश असतील तर मार्कही मिळून जातात. पण मंडळी, असा वेगळा ऑब्जेक्ट मुळी नसतोच! ऑब्जेक्ट एकच, आपला 'धिस'. सुपर एवढंच सांगतो की ही मेथड या क्लासमध्ये शोधू नको, वरच्या क्लासपासून शोध.

त्यात काय मोठंसं, असं वाटेल. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' (२००१) या पुस्तकात यावर एक झकास उदाहरण आहे. ते आपण मेसवर आणू. समजा, आज जेवणासाठी किती नावं टाकली गेली ते मोजायचंय. म्हणून 'हॅशसेट' एक्स्टेंड करून 'मेसयादी' हा क्लास लिहिला. 'अ‍ॅड' ओव्हरराइड केलं: काउंट एकने वाढवायचा आणि सुपरचं अ‍ॅड कॉल करायचं. 'अ‍ॅडऑल'मध्येही तसंच: जितकी नावं आली तितका काउंट वाढवायचा, मग सुपरचं अ‍ॅडऑल. कंपाइल झालं, एक एरर नाही. आता अ‍ॅडऑलला ३ नावं द्या. काउंट येतो ६! तिघांसाठी सहा ताटं. (मेस सेक्रेटरी लगेच हा कोड मागायला येईल.)

भानगड अशी, की वरचं अ‍ॅडऑल आतल्या आत प्रत्येक नावासाठी अ‍ॅड कॉल करतं. कोणतं अ‍ॅड? कोड वरच्या क्लासचा असला तरी ऑब्जेक्ट अजून मेसयादीचाच. त्यामुळे कॉल फिरून आपल्याच अ‍ॅडकडे येतो आणि ते बिचारं इमानदारीत पुन्हा एकेक मोजतं.

अ‍ॅडऑलमधलं मोजणं काढलं की ३ येतात. पण हा इलाज कच्चा. वरच्या क्लासच्या पोटात काय चालतं यावर आपण विसंबलो. उद्या तिथला कोड बदलला तर? ब्लॉक सांगतात, इन्हेरिट करूच नका. हॅशसेट मेंबर म्हणून आत ठेवा आणि काम त्याला सांगा. आता मात्र खरोखर दोन ऑब्जेक्ट झाले. आतल्या सेटला आपलं अ‍ॅड ठाऊकच नाही, मग दुप्पट मोजणार कोण?

सी प्लस प्लसमध्ये सुपर हा शब्दच नाही, बेस क्लासचं नाव आणि डबल कोलन लिहावं लागतं. फंक्शन व्हर्च्युअल असलं तर कॉल खाली फिरून येण्याचा हा खेळ तिथेही होतो.

पटत नसेल तर लॅबमध्ये मेसयादीच्या एखाद्या मेथडमध्ये सुपरवर 'गेटक्लास' कॉल करून प्रिंट मारा. स्क्रीनवर हॅशसेट येणार नाही, मेसयादीच येईल.