न लवणारी पापणी

अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात, अनेकार्थी शब्दांच्या वर्गात, अमरसिंहाने ‘अनिमिष’ या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत: देव आणि मासा. स्वर्गातले आणि पाण्यातले असे दोघे एका शब्दात आले, कारण दोघांचीही पापणी लवत नाही. मराठीत आपण आजही एखाद्याकडे ‘अनिमिष नेत्रांनी’ पाहतो; त्या नेत्रांतला मासा मात्र आपल्या ध्यानात राहिलेला नाही.

तो मासा शोधायला भोपाळच्या परिसरात यावे; तिथे डोळा आणि मासा यांचे नाते जुने आहे. भोपाळहून सुमारे ५५ किलोमीटरवर विदिशा. ‘मेघदूता’त यक्षाचा निरोप त्याच्या पत्नीकडे नेणारा मेघ या नगरीवरून, वेत्रवतीचे म्हणजे बेतवाचे पाणी पिऊन उज्जैनकडे जातो. पुढे गंभीरा नदी लागते, तेव्हा तिच्यात उसळणाऱ्या चपळ शफरी, म्हणजे लहान मासोळ्या, हेच तिचे कटाक्ष, असे कालिदास म्हणतो. उत्तरमेघात यक्षपत्नीचा डोळा स्फुरतो, त्याला माशाच्या धक्क्याने हललेल्या नीलकमळाची उपमा मिळते. कवीला माशाची चपळाई दिसली, कोशकाराला त्याची स्थिर नजर. ‘मीनाक्षी’ या नावात दोन्ही अर्थ नांदतात. मासोळी नुसत्या नजरेने पिल्ले वाढवते, तशी मदुराईची देवी भक्तांना सांभाळते, अशी श्रद्धा आहे.

कोशकाराचे निरीक्षण पक्के होते. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला म्हणून ओळखला जाणारा भोपाळचा बडा तलाव घ्या. त्यातल्या रोहू, कटला, मृगळ या माशांना पापण्या नाहीत. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, ती डोळ्यावर अश्रूंचा ओलावा पसरवण्यासाठी आणि धूळ पुसण्यासाठी. माशाचे हे काम पाणीच करते. बांगडा आणि बोय यांच्या डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो, पण तोही मिटत नाही. म्हणून मासा झोपतोही उघड्या डोळ्यांनी. बाजारात मासळी पारखणारी गृहिणी आधी त्याच डोळ्याकडे पाहते. तो फुगीर आणि स्वच्छ असेल तर मासळी ताजी. खोल गेलेला, पांढुरका असेल तर शिळी.

या नियमाला एक अपवाद कोकणच्या खाड्यांत सापडतो. चिखलावर उड्या मारणारी निवटी डोळे मिटते. तिला खरी पापणी नाही. ती डोळा खाली खोबणीत ओढून घेते आणि त्वचेचा पडदा त्यावर येतो. २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निवटीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळा ओला ठेवणे, पुसणे आणि जपणे, या तिन्ही कामांसाठी ती डोळे मिटते, असे त्यात दिसले. माणसाची पापणीही हीच तीन कामे करते. पाण्याबाहेर जगायचे तर डोळा मिटावा लागतो.

महाभारताच्या वनपर्वात ही लवणारी पापणीच विदर्भाच्या राजकन्येला, दमयंतीला, उपयोगी पडली. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नळ. देवांना घाम नव्हता, त्यांच्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भुईला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती आणि पापण्या लवत नव्हत्या. खऱ्या नळाची पापणी लवत होती. दमयंतीने त्यालाच माळ घातली. अनिमिष असणे हे देवत्वाचे लक्षण. पण या कथेत पसंती मिळाली ती पापणी लवणाऱ्या, घाम येणाऱ्या माणसाला.

माणसाची हीच पापणी भोपाळमध्ये एका रात्री अपुरी पडली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट भोपाळवर सुटले. हा वायू ओलसर पेशींवर तुटून पडतो, म्हणून डोळे आणि फुप्फुसे आधी होरपळली. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होत लोक जागे झाले. डोळा जपणाऱ्या ओलाव्यालाच तो वायू भिडला. पापणी मिटूनही बचाव झाला नाही. दफन होत असलेल्या एका अनोळखी बालकाचे छायाचित्र रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपले. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ सालचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मातीतून वर पाहणारे ते उघडे, पांढुरके डोळे जगाने पाहिले.

मृताची न मिटलेली नजर हा ‘अनिमिष’चा कोशात न आलेला तिसरा अर्थ. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे डोळे घरचे कोणीतरी हाताने मिटते, कारण उघडी, न लवणारी नजर जिवंतांच्या जगातली नव्हे. त्या रात्री भोपाळमध्ये कितीकांना हे शेवटचे माणूसपणही मिळाले नाही. जे वाचले, त्यांतल्या अनेकांचे डोळे पुढेही चुरचुरत, पाझरत राहिले. देवांसाठी आणि माशांसाठी घडवलेला हा शब्द वापरताना लवणाऱ्या पापणीचे मोल ठाऊक असावे, आणि ती पापणी जपणे हे कारखान्याचे, शासनाचे, समाजाचे पहिले कर्तव्य मानले जावे.