कर्मचाऱ्यांचे हृदयारोग्य : मोबाइलवरील सल्ला आणि प्रत्यक्ष पाठपुरावा

पीक-सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचला म्हणजे तो शेतात उतरला असे नव्हे, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. सल्ल्यामागे प्रात्यक्षिक, शेतभेट आणि पाठपुरावा असावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या हृदयारोग्यासाठी राबविल्या जाणाऱ्या ऑनलाइन कार्यक्रमांनाही हाच न्याय लागू पडतो. दिल्ली परिसरातील अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे.

कार्यस्थळावरील चित्र

नवी दिल्लीजवळील एका मोठ्या उद्योगातील पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांना उच्च रक्तदाब, तर सुमारे १५ टक्के जणांना मधुमेह असल्याचे आढळले. पुढे डॉ. दोरैराज प्रभाकरन व सहकाऱ्यांनी देशातील निवडक औद्योगिक ठिकाणी आरोग्यशिक्षण, जोखीम असलेल्यांना वैयक्तिक सल्ला आणि कार्यस्थळाच्या वातावरणात बदल असा एकत्रित कार्यक्रम राबविला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील कर्मचारी व कुटुंबीयांच्या वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉलमध्ये हितकारक बदल दिसून आला.

पाच मिनिटांची विश्रांती

कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२१ रोजी नवी दिल्ली येथे ‘वाय-ब्रेक’ हे ॲप सुरू केले. मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेच्या सहभागाने तयार झालेल्या या पाच मिनिटांच्या क्रमात ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी व ध्यान यांचा समावेश आहे. सलग बैठ्या कामात खंड पाडण्यासाठी हा उपाय सोपा व विनाखर्च आहे. मात्र तो रोजच्या चालण्याला किंवा औषधोपचाराला पर्याय ठरत नाही.

ॲपची मर्यादा

हरियाणा व कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एम-वेलकेअर’ या प्रणालीची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत परिचारिका रुग्णांच्या नोंदी मोबाइल प्रणालीत भरत, डॉक्टरांना उपचारांची शिफारस मिळे आणि रुग्णांना स्मरणसंदेश जात. उरलेल्या केंद्रांत ॲप नव्हते. परंतु तेथील कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण, उपचारांचे तक्ते व माहितीपत्रके देण्यात आली होती. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील रुग्णांचा रक्तदाब कमी झाला. ॲपमुळे अधिकचा लाभ मात्र दिसला नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा नाही. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा आरंभ महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांतून झाला. त्यात डिजिटल नोंदींमुळे तपासणीस न आलेल्या रुग्णांचा शोध घेणे सुलभ झाले. पण त्या नोंदीच्या जोडीला नियमित औषधपुरवठा आणि रुग्णाला पुन्हा बोलावणारा आरोग्य कर्मचारीही होता.

आपल्या कार्यालयात व गावात

विस्तार कार्यकर्त्याचा दिवस दुचाकीवर आणि अहवालांत जातो. शेतकऱ्याचे श्रम अधिक असले, तरी ‘राबणाऱ्याला रक्तदाब होत नाही’ हा समज चुकीचा आहे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढत राहतो. म्हणून पुढील बाबी अंगीकाराव्यात :

• कृषी विज्ञान केंद्र व तालुका कार्यालयात रक्तदाबमापक ठेवावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे; त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी.
• मोजमाप वारंवार १४०/९० किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना भेटावे. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करू नये.
• दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात मोजावे.
• आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. तंबाखू पूर्णपणे सोडावी.
• ऑनलाइन कार्यक्रम गटाने करावा. दर महिन्याच्या बैठकीत नोंदी तपासण्याची जबाबदारी एका सहकाऱ्याकडे सोपवावी. मात्र कोणाच्याही नोंदी त्याच्या संमतीविना इतरांस दाखवू नयेत.
• छातीत दाब वा कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसताच मोबाइलवर उपाय शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेतकरी मेळाव्यात माती परीक्षणाच्या टेबलाशेजारी रक्तदाब तपासणीचे टेबल मांडण्यास फारसा खर्च येत नाही. ज्यांचा रक्तदाब अधिक आढळेल, त्यांच्याकडे पुढील भेटीत पिकाबरोबर प्रकृतीचीही विचारपूस व्हावी. सल्ला मोबाइलने पोहोचेल. तो आचरणात येण्यासाठी अशी विचारपूस आवश्यक आहे.