लाकडी सांगाड्याचे बळ

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदी घरांत छताचा भार बहुधा लाकडावर असतो. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. घराचा विस्तार खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत, मोजला जातो. बाहेरची दगडमातीची जाड भिंत ऊन अडवते; छत तोलायला अशा घरात तिची गरज नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हा फरक शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत दिसला. मातीत रचलेल्या भिंती ढासळून हजारो माणसे गाडली गेली, पण कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. नंतर जुनी घरे सरसकट घातक ठरवली गेली, ते लाकडावर अन्यायाचे होते. जीव घेतला तो दगडमातीच्या वजनाने.

आजचे लाकडी मनोरे याच सांगाड्यावर उभे आहेत. साधे लाकूड रेषांच्या दिशेने भक्कम, आडव्या दिशेने कमजोर असते आणि दमट हवेत आडवेच फुगते. म्हणून फळ्यांचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवून जाड पाट बनवतात. ही पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत रुजली. खांब-तुळयांसाठी मात्र सर्व थर एकाच दिशेने ठेवतात. नॉर्वेतले १८ मजली म्योस्टॉर्नेट (२०१९) ८५.४ मीटर उंच आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीची २५ मजली ‘असेंट’ (२०२२) त्याहून किंचित उंच. तिचे खालचे मजले आणि जिन्या-लिफ्टचा गाभा काँक्रीटचा आहे. माळवदाला वजन नडले, तर इथे हलकेपणा नडतो. वाऱ्याने डोलणे कमी व्हावे म्हणून म्योस्टॉर्नेटच्या वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीटच्या लाद्या घातल्या आहेत.

आगीची भीती खरीच आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, दगडी जोते आणि तटबंदी तेवढी उरली. बारीक सरे, फळ्या भरभर पेटतात. जाड तुळईवर मात्र कोळशाचा थर धरतो आणि आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. मऊ लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर जळते, म्हणजे तासाला जेमतेम ४ सेंटिमीटर. तेवढी जाडी आराखड्यातच वाढवून ठेवतात.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. बीडमध्ये जंगल अत्यल्प, बांधावर बाभूळ आणि कडुनिंब, शिवाय वाळवीचा उपद्रव. त्यामुळे इथे उंच मनोऱ्यापेक्षा हलक्या छताचे, पक्क्या सांध्यांचे एक-दोन मजली लाकडी घर अधिक शक्य आहे.