इग्वानाचा निवारा

हिरवा इग्वाना हा मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण ब्राझीलपर्यंत पसरलेल्या उष्ण प्रदेशातील प्राणी. तेथे नदीकाठच्या उंच वृक्षांवर त्याचे बहुतेक आयुष्य जाते. सकाळी तो फांदीवर पसरून अंग तापवितो, मग पाला खातो, ऊन असह्य झाले की सावलीत सरकतो आणि संकटाची चाहूल लागताच खालच्या पाण्यात उडी टाकतो. ज्याला हा प्राणी घरी ठेवावयाचा आहे त्याने ही दिनचर्या प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पिंजऱ्यातील इग्वानाला ऊन, झाड आणि दमट हवा यांचा शोध स्वतः घेता येत नाही; त्या त्याला पुरवाव्या लागतात.

आपल्याकडील घोरपडीशी त्याचे बाह्य साम्य आहे; भारतात राहणारे जुने इंग्रज तर घोरपडीलाच इग्वाना म्हणत. पण घोरपड मांसाहारी, तर इग्वाना पाला खाऊन जगणारा. कायद्याच्या दृष्टीनेही दोहोंत अंतर आहे. घोरपड पाळणे हा गुन्हा होय. इग्वानाचे नाव वन्य प्रजातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९७७ पासून आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा विदेशी प्राण्याची शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. तेव्हा पिंजऱ्याच्या आधी कागदपत्रे.

विक्रीस येणारे पिल्लू शेपटीसह जेमतेम वीतभर असते, आणि बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे. माशांसाठी वापरतात तशी काचेची टाकी त्याला ऐसपैस वाटते. परंतु काही वर्षांतच तो मीटरभराहून लांब होतो. पूर्ण वाढलेला नर दीड मीटर किंवा त्याहूनही लांब भरतो आणि नीट सांभाळल्यास पंधरा वर्षे जगू शकतो. लहान जागेत ठेवले की तो लहानच राहतो, असा एक समज आहे. अशा प्राण्याची वाढ खुंटते हे खरे. पण ती उपासमारीची आणि रोगाची खूण असते. म्हणून पिंजरा आखताना मोठ्या इग्वानाचेच माप धरावे : उंची व लांबी प्रत्येकी सुमारे १.८ मीटर आणि रुंदी किमान ०.९ मीटर. दिवाणखान्यातील मोठ्या कपाटाएवढी ही जागा झाली. ती देणे शक्य नसेल तर प्राणी न आणणेच योग्य.

इग्वानाच्या शरीरात स्वतःची ऊब निर्माण करण्याची सोय जवळजवळ नसते. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव त्याचा पाला कुजवून पचवितात आणि हे काम उबेवाचून चालत नाही. पोट भरलेले असूनही थंडीत राहिलेला इग्वाना कुपोषित होतो तो यामुळेच. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात थंडीची लाट आली तेव्हा तेथे मोकाट वाढलेले इग्वाना ताठरून झाडांवरून खाली पडू लागले होते. पिंजऱ्याच्या एका टोकाला, वरच्या फांदीवर, दिव्याच्या साहाय्याने ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान राखावे. दुसरे टोक २७ अंशांपर्यंत थंड असावे. रात्री ते २३-२४ अंशांखाली जाऊ देऊ नये. दोन्ही टोकांना तापमापक लावावेत, हाताच्या अंदाजावर विसंबू नये. दिवा जाळीआड असावा. विजेवर तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात, ते टाळावेत. पोटाला बसणारा चटका या प्राण्याला वेळेवर कळत नाही आणि तो भाजतो.

ऊब मिळाली म्हणजे ऊन मिळाले असे मात्र नव्हे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्वचेवर पडले तरच इग्वानाच्या शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होते, आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. मग शरीर हाडांतीलच कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा सुजतो व मऊ पडतो, पाय थरथरतात, मणका वाकतो. मुलांच्या मुडदुसासारखाच हा विकार आहे. खिडकीत छान ऊन येते, मग वेगळी व्यवस्था कशाला, असे अनेकांना वाटते. पण खिडकीची साधी काच नेमके हे उपयुक्त किरणच अडविते. काचेआड उन्हात लोळणारा इग्वाना सुखी दिसतो आणि आतून झिजत असतो. यासाठी जंबुपार किरण देणारी खास नळी बसण्याच्या फांदीच्या वर, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर लावावी व दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवावी. तिचा दृश्य प्रकाश कायम राहिला तरी हे किरण कमी होत जातात. म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलणे इष्ट. सोबत तुतीचा, जास्वंदीचा, शेवग्याचा पाला द्यावा. पालक नित्य देऊ नये, त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते.

इग्वानाच्या डोक्यावर एक तिसरा नेत्र असतो. त्याला आकृती दिसत नाही, उजेड-अंधार मात्र कळतो; वरून आलेली सावली म्हणजे ससाणा, असे त्याला वाटते. पिंजरा जमिनीवर ठेवला आणि माणसे वरून वाकून पाहू लागली की तो सतत भेदरलेला राहतो. त्याची बसण्याची जागा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर असावी. फांद्या त्याच्या धडाइतक्या जाड, खरबरीत आणि पक्क्या बांधलेल्या हव्यात. जाळी मऊ वेष्टनाची असावी. उघड्या तारेत नखे अडकून निघतात व नाक सोलते. तळाशी वर्तमानपत्र अंथरणे उत्तम, वाळू किंवा भुसा पोटात जाण्याची भीती असते. काचेवर पांढरे डाग दिसले तर घाबरू नये : जास्तीचे क्षार तो शिंकून नाकावाटे बाहेर टाकतो.

मुंबई, कोची, चेन्नई अशा किनारी शहरांत हवेतील दमटपणा वर्षाचा बराच काळ त्याला मानवतो. दिल्लीच्या हिवाळ्यात किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ऊब किंवा ओलावा कृत्रिम रीत्या द्यावा लागतो. पानांवर रोज पाणी फवारावे आणि अंग बुडेल असे पसरट भांडे ठेवावे. तो बहुधा त्यातच मलविसर्जन करतो, म्हणून पाणी रोज बदलावे. त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत व हात साबणाने धुवावेत. गच्ची किंवा अंगण असल्यास जाळीचा दुसरा पिंजरा करून त्यात सकाळचे ऊन द्यावे. त्याचा निम्मा भाग छपराखाली असावा, आणि कडी अशी असावी की जी मांजराला उघडता येणार नाही.