रिफायनरीचे दुसरे टोक

शिवथरघळीकडे निघालेल्या माणसाला आधी महाडची एमआयडीसी लागते, मग घळ. बिरवाडीच्या परिसरात टँकरची रांग दिसते, वास येतो आणि दासबोधाची जागा पाहायला निघालेले भाविक गाडीच्या काचा वर करतात. दोन-चार मिनिटांत वास मागे पडतो, वरंध्याचे डोंगर पुढे येतात. त्या वासात राहणाऱ्यांना मात्र काच वर करण्याची सोय नाही.

कोकणात पेट्रोकेमिकलचा विषय निघाला की नाणार-बारसूच आठवते. वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी, २०१९ मध्ये मागे घेतलेली नाणारची अधिसूचना, एप्रिल २०२३ मधले बारसूच्या सड्यावरचे माती परीक्षण. भांडण असे चालते, जणू हा उद्योग अजून यायचाच आहे. तो रायगड जिल्ह्यात कधीच आला आहे. नागोठण्याचा गॅस क्रॅकर मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. महाडला ना बंदर, ना तेलाची टाकी. इथे आले ते या उद्योगाचे शेवटचे टोक.

विनती ऑरगॅनिक्सचेच पाहा. कंपनी १९८९ ची. महाडचा कारखाना फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेच्या तंत्रज्ञानावर १९९२ मध्ये सुरू झाला, वर्षाला १,२०० टनांचा. माल एकच, आयसोब्युटाइल बेंझीन. त्याचा कच्चा माल टोल्युइन आणि प्रोपिलीन, ही दोन्ही पेट्रोलियमची अपत्ये. अल्कली धातूच्या उत्प्रेरकाच्या साक्षीने प्रोपिलीन टोल्युइनच्या मिथाइल शेपटीला जोडले जाते, बेंझीनच्या कड्याला नव्हे. सारी हुशारी या जागेच्या निवडीत आहे. पुढे त्यापासून आयब्युप्रोफेन बनते, म्हणजे गुडघेदुखीवर आजी घेते ती गोळी. आज या एका रसायनात ही कंपनी जगात सर्वांत मोठी आहे. तिचाच लोट्याचा कारखाना एटीबीएस नावाचे रसायन करतो. तेलविहिरीतून उरलेसुरले तेल काढायला ते वापरतात. तेलातून निघालेला माल पुन्हा तेलाकडे जातो तो असा.

शेजारी लक्ष्मी ऑरगॅनिकचे इथाइल ॲसिटेट आहे, सुदर्शनची रंगद्रव्ये आहेत. प्रिवीचा मामला वेगळा. कागद गिरण्यांतून उरणाऱ्या टर्पेंटाइनपासून तिथे साबण-अत्तरांचे सुगंध बनतात. वासासाठी बदनाम असलेल्या वसाहतीतून जगाला सुगंध जातो, ही गंमत मला फार आवडते.

महाड-पोलादपूरच्या घराघरातला तरुण पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाई. गिरण्या बंद पडल्या, तेव्हा गावाजवळ शिफ्टची नोकरी मिळाली, याचे मोल शहरात बसून कळत नाही. पण या नोकरीला जोखीम चिकटलेली आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली; ११ कामगार गेले.

आणि सावित्री. महाबळेश्वरला उगम, पोलादपूर-महाड करत हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्र. कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते आणि तिथून वाहिनीने खाडीत. खाडीवरच्या मच्छीमारांची मासळी कमी झाल्याची तक्रार जुनी आहे. रिफायनरीला समुद्र तरी मिळतो. इथे अरुंद खाडी, आणि त्यातही पाणी भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे होते. पावसाळ्यात उलटा धोका. जुलै २०२१ च्या पुराने महाड शहर बुडवले. असे पाणी चढणाऱ्या खोऱ्यात रसायनांचे साठे ठेवायचे, तर साधी काळजी पुरत नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. महाडची एमआयडीसी हलवा म्हणणे पोरकट आणि सारे आलबेल आहे म्हणणे खोटे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अशा प्रक्रिया केंद्रांना सांडपाण्याचे ऑनलाइन मापन बंधनकारक केले. ते आकडे मंडळांच्या संगणकापुरते राहू नयेत. बिरवाडीच्या आणि खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर ते रोज मराठीत लागावेत. ग्रामसभेत तसा ठराव मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.